वाटाण्याएवढा भोंगा

“आन् हे काय राहिलं गं?” मन्मथनं वायरीच्या टोकाला लोंबणारा वाटाण्याएवढा काळा भोंगा चिमटीत धरला.

“ते मदरबोर्डला लावायचं, मामा. आत काही चुकलं असलं तर ते ओरडतं.”

लग्नाला तीन वर्षं झाली तरी शिवकांता नवऱ्याला मामाच म्हणायची. होताच तो तिचा सख्खा मामा. उदगीरकडं त्याचं कुणाला नवल नव्हतं. पार्वतम्मा आधी आज्जी होती, मग सासू झाली. पोरगी नजरेपुढं राहील म्हणून हे लग्न तिनंच हट्टानं लावलेलं.

फरशीवर जुनी चादर अंथरून सगळं मांडलं होतं. उघडा कॅबिनेट, स्क्रूंच्या पुड्या, लातूरहून एसटीत मांडीवर आणलेली खोकी. त्यांचं बी-बियाणाचं दुकान दोन हंगाम बंदच होतं. आभाळातनं थेंब नाही, तर बी कोण नेणार? लातूरला रेल्वेनं पाणी येत होतं, इथं टँकरनं. पण उदगीर जिल्हा होणार, कचेऱ्या येणार, ऑनलाइन अर्ज भरायला रांगा लागणार, हे मन्मथनं मनाशी घट्ट धरलं होतं. शिवकांता बी.एस्सी. कॉम्प्युटर शिकलेली. कॉलेजात तिनं असली पेटी उघडलेली पाहिली होती. जोडली मात्र कधीच नव्हती.

तिचं अर्धं लक्ष स्क्रूंवर होतं, अर्धं लेकावर, सिद्धूवर. कॅबिनेटला खेटून तो थर्माकोलचा भुगा करत बसला होता. मधेच एक तुकडा तोंडात गेला, तो तिनं बोट घालून काढला. एकोणीस महिन्यांचा झाला, अजून एक शब्द नाही. ‘आई’सुद्धा नाही.

गेल्या महिन्यात डॉक्टरांनी दोनच गोष्टी विचारल्या होत्या. ऐकू येतं का? लग्न नात्यातलं का? कानांची तपासणी करायला लातूरला न्या, असं लिहूनही दिलं. तेव्हापासून पार्वतम्मानं त्या डॉक्टरचं नावच टाकलं. “ऐकू येत न्हाई म्हणं! परवा ताट पडलं तर गर्रकन वळला की. मन्मथ बी तीन वर्साचा होऊन बोलला.” मन्मथचंही तेच. पाऊस पडू दे, मग जाऊ.

ताट पडलं की फरशी हादरते, हे शिवकांताला कळत होतं. टाळी वाजवली की वारा लागतो. दार लोटलं की उजेड हलतो. लेकराच्या पाठीमागं जाऊन मोबाइल वाजवायचा, असं तिनं चारदा ठरवलं होतं. चारही वेळा हात उचलला नाही.

भोंगा जागेवर बसला. पार्वतम्मानं कॅबिनेटवर विभूतीची तीन बोटं ओढली. मन्मथनं बटण दाबलं.

पंखा फिरला, आणि भोंगा किंचाळायला लागला. लांब, धारदार, थांबून थांबून. पार्वतम्मानं दोन्ही कान दाबले. मन्मथ उडी मारून मागं सरला. “बंद कर, बंद कर, जळंल!”

शिवकांतानं वीज बंद केली. खाली वाकून पाहिलं. रॅमची पट्टी एका बाजूनं वर राहिली होती. तिनं अंगठ्यानं दाबली, तशी ती कट्कन बसली.

“बगितलंस का?” पार्वतम्मा हसत म्हणाली. “एवढा मोठा बाप्या पळाला. माझा वाघ जागचा हलला बी न्हाई.”

शिवकांताचा अंगठा पट्टीवरच राहिला.

दुसऱ्यांदा बटण दाबलं तेव्हा एकच बारीक ‘पीं’ झालं आणि पडद्यावर पांढरी अक्षरं उमटली. मन्मथनं मांडीवर थाप मारली. “झालं की चालू! अव्वा, साखर आण. भाची माझी इंजिनेर हाय, इंजिनेर!” पार्वतम्मा लगबगीनं आत गेली.

शिवकांतानं कॉम्प्युटर बंद केला. पट्टीचे दोन्ही खटके उघडले आणि ती उपसून हातात घेतली.

“अगं, येडी झालीस का? चालू झालेलं मोडायलीस!”

तिनं सिद्धूला उचलून कॅबिनेटकडं पाठ करून बसवलं. त्याच्यासमोर, हातभर लांब, स्वतः बसली.

“आता बटण दाबा, मामा. आन् अजिबात हलू नका.”

तिच्या तोंडाकडं बघून मन्मथनं बटण दाबलं.

भोंगा किंचाळला. एकदा. पुन्हा. पाचदा. सिद्धूच्या बोटाला थर्माकोलचा एक दाणा चिकटला होता. तो बोट झटकत होता. दाणा काही पडेना, म्हणून त्याला हसू आलं. ते हसू दाखवायला त्यानं आईकडं पाहिलं.

साखरेची वाटी घेऊन पार्वतम्मा दारात आली. “बंद कर गं ते. लेकरू भिऊन जाईल.”

मन्मथ अजून बटणाजवळच उभा होता. सिद्धूच्या पाठमोऱ्या मानेवरनं त्याची नजर निघत नव्हती.

“भीत न्हाई तो, अव्वा.”

 भोंगा चालूच होता. कुणाचाच हात पुढं झाला नाही. पार्वतम्मानं वाटी खाली ठेवली, भिंतीला धरून शिवकांताच्या शेजारी बसली. कितीतरी वेळानं तिचा हात नातीच्या पाठीवर आला.

“तुला परक्या घरी द्यायला पायजे होतं गं, बाई.”