दोन कंट्रोलर

“दोघांनी एकदम बटणं दाबू नका हं, पडद्याला कुणाचं ऐकावं ते कळत नाही!” ऊर्मिलाचा नवरा धैर्यशील जाऊन चार वर्षं झाली, तरी त्याचा हा हसरा आवाज तिच्या कानात होता. जुना कॉम्प्युटर टीव्हीला जोडून, त्यावर घरचे व्हिडिओ दाखवणारं मीडिया सेंटर टाकून, तिला एक आणि वडिलांना एक असे गेमचे दोन कंट्रोलर त्यानंच जोडून दिले होते.

आजही रविवारच्या जेवणानंतर सासऱ्यांनी, आप्पांनी, अंगठ्यानं पडद्यावरच्या यादीतला निळा पट्टा धैर्यशील-ऊर्मिलाच्या लग्नाच्या व्हिडिओकडे सरकवला. शेजारी ऊर्मिला आपला कंट्रोलर हातात धरून बसली होती. तिच्या शाळेतल्या इंगवले सरांनी तिला मागणी घातली होती. संध्याकाळी ते उत्तर ऐकायला येणार होते, आणि आप्पांना तिनं अजून एक अक्षरही सांगितलं नव्हतं.

पट्टा घसरून खाली आला. आप्पांनी वर नेला. पुन्हा खाली. एकाच जात्याला दोघींनी हात घालावा आणि एकीनं उलटं ओढावं, तसं चाललं होतं.

“तुझ्या नवऱ्याचं यंत्र आज बिथरलंय बघ,” आप्पा कुरकुरले. “त्याच्यासारखंच हट्टी!”

“यंत्र नाही, आप्पा. मी खाली ओढतेय.”

आप्पांचा अंगठा थांबला. ते पडद्याकडेच बघत राहिले. “का गं, पोरी?”

घामानं ओला झालेला कंट्रोलर तिनं खाली ठेवला.

“मी इंगवले सरांशी लग्न करणार आहे. तुम्हाला विचारत नाही, सांगतेय. पण त्यांनाही अजून हो म्हटलेलं नाही, आप्पा. आधी तुम्हाला सांगतेय.”