सुटलेला तुकडा

फोन कालही आला नव्हता, आजही आला नाही. चहा निवून त्यावर साय धरली, तरी अच्युतरावांची नजर मोबाइलवरून हलेना.

रायपूरच्या बुढापारा मोहल्ल्यातल्या त्या घरात ते एकटेच. पत्नी पद्मिनीबाई गेल्यापासून घर खायला उठायचं. मुलगा बंगळुरूला. नातवंडं "हाँ आजोबा" एवढं बोलून फोन आईच्या हातात देणारी. अशात मराठी मंडळाने गणेशोत्सवाचे जुने अंक कंप्युटरवर चढवायला घेतले. छापताना ओळीच्या शेवटी तोडलेले शब्द मशीन तसेच उचलायचं. 'आठव' एकीकडे, 'ण' दुसरीकडे. ते जोडून द्यायचं काम अच्युतरावांनी मागून घेतलं. मंडळाचं कंप्युटरचं काम बघणारी देवश्री सकाळी फाइल पाठवायची, हे संध्याकाळी दुरुस्त करून परत करायचे.

पहिल्याच फाइलीत एक तुकडा नजरेतून सुटला आणि देवश्रीचा फोन आला. "काका, एक 'ण' एकटाच पडून आहे पानावर." मग भरल्या वांग्यांवरून गोष्ट निघाली ती पंडरी बाजारातल्या साड्यांपर्यंत गेली. शेवटी अच्युतरावांनी सवयीने विचारलं, "जेवली का बेटा?" त्या दिवशी म्हाताऱ्याला स्वतःलाही दोन घास जास्त गेले.

दुसऱ्या दिवसापासून ते एक तुकडा मुद्दाम सोडू लागले. जन्म रेल्वेत काढला, एक डबा कधी यार्डात विसरले नाहीत, आणि आता एवढी लबाडी! तिने विचारलं की म्हणायचे, "डोळे गेले वं माहे." आपण होऊन फोन करायची मात्र लाज वाटे. परक्या पोरीला कामाशिवाय काय म्हणून फोन करावा?

आणि आता दोन दिवस तिचा फोन नाही. चोराच्या मनात चांदणं. तिला कळलं असणार, काम दुसऱ्या कुणाला दिलं असणार. शेवटी न राहवून त्यांनी मंडळ गाठलं. चिटणीस भार्गव सतरंज्या झटकत होता.

"देवश्रीले बुखार आहे काका. नवा रायपुरात होस्टेलवर पडून आहे. पण तुम्ही कोनत्या फाइलीचं म्हणून राहिले? ते काम तर दिवाळीतच खतम झालं. नवीन मशीन सगळे शब्द आपोआप जोडते."

होळी तोंडावर आली होती. परवाच्या फाइलीत तर पानोपानी शब्द तुटलेले होते.

मंडळाच्या पायरीवर बसून अच्युतरावांनी पहिल्यांदाच स्वतःहून तिला फोन लावला.

"कशी आहे बेटा?"

"बरी आहे काका." आवाज बसला होता. "सॉरी, परवाची फाइल उघडलीच नाही. तुमचा तुकडा तसाच राहिला."

म्हणजे तिला ठाऊक होतं! अच्युतरावांचे कान तापले. तरी त्यांनी विचारलंच, "मशीन सगळं जोडते म्हणे. मग माह्या फाइलीतले शब्द कोण तोडून राहिलं होतं?"



"मीच. गोंदिया सोडल्यापासून 'जेवली का' म्हणून विचारणारं इथं कोणी नाही, काका. तुम्ही एक तुकडा सोडत होते ना, म्हणून मी ऑफिसातून आल्यावर रोज पानंच्या पानं तोडत बसत होती."