दोन मुद्द्यांमधली जागा

आईने स्वयंपाकघराच्या भिंतीवरची यादी चिकटपट्टीसकट खसकन ओढून काढली.

"हे कुणी केलंय?"

"मी केलंय. तुझ्यासाठी," मुलगी म्हणाली. "उद्यापासून मी कामावर जाणार ना? दिवसभर तू एकटी."

"बघवत नाही गं मला हे." आईने गॅस पेटवला, दोघींच्या चहासाठी दूध ठेवलं आणि कागद घेऊन बाहेरच्या खोलीत खिडकीपाशी आली. मुलगी मागोमाग.

यादीत अकरा मुद्दे होते आणि मुलीचा सगळा जीव त्या अकरा मुद्द्यांत अडकला होता. रजा आज संपत होती. दादाचं म्हणणं, आईला वृद्धांच्या संस्थेत ठेवू. फॉर्म त्याने भरून पाठवलासुद्धा होता, फक्त मुलीची सही बाकी होती. हिने फोनवर त्याच्याशी कडाकडा भांडण केलं होतं. आजचा एक दिवस आई यादीप्रमाणे वागली, तर तुझा फॉर्म फाडून टाकीन, असं ठणकावून सांगितलं होतं. आणि आईसाहेबांनी सकाळी सकाळी यादीच उपटली!

"अगं, वाच तरी आधी."

"काय वाचू, कपाळ? कुठला मुद्दा कुठे संपतो ते तरी कळतंय का? इथे बोटभर जागा, तिथे काहीच नाही. एंटर मारून जागा केलीस ना?"

मुलीने एंटरच मारले होते. कुठे एक, कुठे दोन, नजरेला बरं दिसेल तसे.

"माझी मुलगी, आणि एंटर मारते! लोक तोंडात शेण घालतील माझ्या. ऊठ, फाइल उघड."

आई तीस वर्षं छापखान्यात कॉम्प्युटरवर पानं लावत होती. तिथे सगळे तिला मिलिमीटरबाई म्हणायचे, आधी पाठीमागे आणि नंतर तोंडावर. गेल्या महिन्यात हीच बाई स्वतःच्या गल्लीत उभी राहून स्वतःचं घर विचारत होती.

कोपऱ्यातल्या जुन्या कॉम्प्युटरपुढे ती बसली, चष्मा नाकावर सरकवला आणि माउस हातात घेतला. मग काय विचारता! बोटं कुठे म्हणून अडखळेनात.

"हे बघ. आधी या रिकाम्या ओळी सगळ्या उडवायच्या. जागा एंटरने द्यायची नसते, मुद्द्यालाच द्यायची. स्पेस आफ्टर, म्हणजे मुद्द्यानंतरची जागा, तीन मिलिमीटर. एकदा दिली की सगळ्यांना सारखी. कुणाचे लाड नाहीत."

"बरं."

"बरं काय? नीट बघ. ही दुसरी ओळ बुलेटच्या ठिपक्याखाली आलीय. ती अक्षराखाली यायला हवी, नाहीतर वाचणाऱ्याला वाटतं नवा मुद्दा सुरू झाला. एका मुद्द्याच्या ओळी जवळ जवळ, दोन मुद्दे जरा लांब. घरातली माणसं आणि शेजारी असतात ना, तसं."

मुलगी तिच्या खुर्चीच्या पाठीला धरून उभी होती. तिला एकदम रडू येईल असं झालं. सगळं आठवतंय की हिला! विसरण्याचा आजार म्हणणाऱ्या डॉक्टरांना काय कळतंय? दादाला तर काहीच कळत नाही. आता लगेच त्याला फोन लावावा आणि आईचा हा आवाज ऐकवावा, असं तिला वाटलं.

"आई, पहिला मुद्दा काय आहे गं?"

"दोन ओळींचा आहे. दुसरी आखूड."

मुलगी हसली. आईही हसली. कितीतरी दिवसांनी दोघी एका वेळी हसल्या.

मग सहाव्या मुद्द्याची जागा पटेना, ती बघून झाली. मग बुलेट फार जाड वाटल्या, त्या बारीक झाल्या. पानाच्या तळाशी जागा उरली, ती सगळ्यांना वाटून दिली. शेवटी आईने पहिला मुद्दा पडदाभर मोठा करून घेतला आणि नाक पडद्याला लावून दोन ओळींमधलं अंतर बघू लागली. पडद्यावर बोटभर उंचीच्या अक्षरांत लिहिलं होतं: गॅसवर काही ठेवलंस तर तिथून हलू नकोस. हलायचंच असेल तर आधी गॅस बंद कर.

"कुणाचं तरी करपतंय," आई म्हणाली. "शेजारी असेल. लोकांचं लक्ष कुठे असतं, देव जाणे."

मुलगी धावली.

दूध उतू जाऊन ओट्यावर पसरलं होतं. उरलेलं आटून पातेल्याच्या तळाशी कोळसा झालं होतं आणि खाली गॅस भडभडा जळत होता. तिने गॅस बंद केला, खिडकी उघडली, पातेलं नळाखाली धरलं. दूध ठेवताना तिनेही पाहिलं होतं. ती नसती तर काय झालं असतं, हे तिला नको नको म्हणताना दिसायला लागलं. ती तशीच ओट्याला टेकून उभी राहिली. बाहेरच्या खोलीत प्रिंटर खडखडला.

ती परत आली तेव्हा आई कागद उजेडात धरून वाचत होती. पहिल्यापासून शेवटपर्यंत, एकेका मुद्द्यावर बोट ठेवून.

"आता वाचतेयस?"

"मग! गिऱ्हाइकाला द्यायच्या आधी एकदा वाचावंच लागतं." आईने कागद तिच्या हातात दिला. पान देखणं झालं होतं. आईचा आवाज मात्र हळू झाला. "बिचारी गं. कुणाची आई आहे ही?"

मुलीने कागदावरचा पहिला मुद्दा परत वाचला.

"पान झकास झालंय म्हणावं त्यांना. पण जिला एवढं सगळं लिहून द्यावं लागतं, तिला घरात एकटं नका ठेवू, असंही सांग."