कार्बन गिऱ्हाइकाचा

लॅपटॉपच्या पडद्याच्या उजव्या कडेला कुबड्यांचे चित्र होते. दोन्या क्रिसांताला वाचता येत नव्हते. चित्र मात्र तिने ओळखले, आणि ती स्टुलावरून उठली.

"मास्तर, पोराचा पाय मोडलाय हे मी फक्त तुम्हाला सांगितलं होतं. गेल्या मंगळवारी. या यंत्राला कुणी सांगितलं?"

सांतो दोमिंगो चौकाच्या कमानींखाली एकोणचाळीस वर्षे लोकांची पत्रे लिहिणाऱ्या एलेउतेरिओ मास्तरांनी पुतणीकडे पाहिले. नायेलीने लॅपटॉप अर्धवट मिटला.

"आपलं ईमेल फुकटचं आहे, काका. ते पत्र चाळतात, आणि काय विकता येईल ते शेजारी मांडतात."

"चाळतात म्हणजे वाचतात."

"माणूस नाही वाचत. यंत्र वाचतं."

"कर्ता बदलला म्हणून क्रिया बदलत नाही, नायेली."

दोन्या क्रिसांताने पिशवी खांद्याला लावली. तिचा एपिफानियो उत्तरेकडे, सीमेपलीकडे, कागदपत्रांवाचून राहत होता आणि घरांची छपरे घालत होता. फोनवर मायलेक नुसतेच रडत. बोलणे व्हायचे ते पत्रांतून. ज्या गावात तो छपरावरून पडला त्या गावाचे नावही मंगळवारच्या पत्रात होते.

"आज कुबड्या आल्या," ती म्हणाली. "उद्या त्याचं दार येईल. मग दारावर पोलीस. मी नाही लिहीत आता. एक ओळसुद्धा नाही."

कमानींखाली एक नियम होता. टंकयंत्रावर पत्र लिहून झाले की मूळ कागद पाकिटात जाई, प्रत गिऱ्हाइकाला मिळे, आणि दोहोंमधला कार्बन-कागदही गिऱ्हाइकालाच. कारण उजेडाकडे धरला तर त्यावर सबंध पत्र दिसते. मास्तरांनी हा नियम एकदाही मोडला नव्हता. आता त्यांना वाटले की लॅपटॉप आल्यापासून, गेले वर्षभर, आपण प्रत्येकाचा कार्बन चौकात वाळत घालीत आलो आहोत.

"पत्रं न चाळणारं दुसरं कुणी नाही?"

"आहेत की. यादी केव्हाची केलीये. तुम्ही ऐकाल तर ना!" नायेलीने वही काढली. "एक कंपनी आहे, पत्रं कुलपात ठेवते, पण एक किल्ली स्वतःपाशीही ठेवते."

"घरमालकीण. पुढे."

"दुसरी म्हणते, आमच्यावर विश्वास ठेवा."

"का?"

"ते लिहिलेलं नाही. तिसरीकडे किल्लीच नसते. एपिफानियोनंही तिथंच खातं काढलं की दोन्ही टोकं बंद. कसं ते मी त्याला समजावते. फक्त परवलीचा शब्द विसरलो तर ते खातं काढताना दिलेले बारा शब्द मागतात. तेही हरवले, तर सगळी पत्रं गेली. आम्ही काहीही करू शकणार नाही, असं स्पष्ट लिहिलंय."

मास्तरांनी चौकाकडे पाहिले. जकरांदाच्या झाडाची जांभळी फुले एवढ्या सावकाश खाली येत होती, की जणू कोठे पडायचे ते त्यांचे अजून ठरायचे होते.

"तिसरी घे," ते म्हणाले. "'आम्हाला येत नाही' असं लिहून देणारा या शहरात मला पहिल्यांदाच भेटतोय."

मास्तरांचे नवे खाते काढून झाल्यावर नायेली त्यांच्या कानाशी वाकली आणि पडद्यावरच्या बारांतला एकेक शब्द सांगू लागली. बगळा. मीठ. शिडी. ओंजळ. गवंडी. धुके. मास्तर ते टंकयंत्रावर टंकीत होते. त्या शब्दांचे परस्परांशी काही नाते नव्हते. तरी दुपारच्या झोपेत अनोळखी माणसे एकाच बाकावर येऊन बसावीत, तसे ते कागदावर येऊन बसले. निघून जायला उभी असलेली दोन्या क्रिसांता हलली नाही.

"काका! कार्बन घातलात?"

मास्तरांनी खाली पाहिले. हाताने सवयीने घातला होता: दोन कागद, मध्ये कार्बन.

"एकच हवा होता! आता तीन झाले!"

मास्तरांनी दोन्ही कागद काढले, राखदाणीवर धरले आणि काडी लावली.

"काका, वेड लागलंय? विसरलात म्हणजे?"

"माझ्याकडे राहिला तर हरवेल. तुझ्याकडे राहिला तर तू त्याचा फोटो काढशील." त्यांनी कार्बन दोन्या क्रिसांतापुढे धरला. "नियम आहे."

"पण हे माझं पत्र नव्हे, मास्तर."

"मी विसरलो की तुमच्याकडे येईन."

तिने तो उन्हाकडे धरला. त्याच्या काळोखात बारा शब्द चमकले, रात्रीच्या बसमधून लांबचे गाव दिसावे तसे. तिने त्याची चार वेळा घडी घातली आणि ती चोळीत ठेवली.

एपिफानियोचे खाते निघेपर्यंत ऊन पायरीवरून उतरले होते. नायेलीने लॅपटॉप तिच्याकडे वळवला. उजवी कड पांढरी होती.

दोन्या क्रिसांताने स्टूल पुढे ओढले. कार्बनने काळे झालेले बोट तिने त्या रिकाम्या जागेवर टेकवले.

"लिहा," ती म्हणाली. "त्याला विचारा, कुबडी कसल्या लाकडाची आहे."