दुसरीला जास्त लागतं

स्वयंपाकघरात पातेल्यावरचं झाकण घसरून फरशीवर पडलं आणि शुक्रवारच्या जेवणानंतरची सुस्त शांतता फुटली. पाहुणा आलेला कारागीर, उस्ता मेलाद, दचकला. टेबलाखाली बाहुलीला निजवणारी तालियाही दचकली. वजीह मात्र समोरचे व्हॉल्व्ह निरखत तसाच बसून राहिला.

बघा, ढिम्म, नवऱ्याकडे पाहून ईनासच्या मनात आलं. घरात काही पडो, कुणी रडो, हा आपल्याच तंद्रीत. तंद्री कुणाची, एवढंच तिला कळायचं राहिलं होतं.

मेलाद वजीहच्या हेडफोनसाठी अॅम्प्लिफायर बांधत होता, पूर्वी रेडिओत असत तसल्या काचेच्या व्हॉल्व्हचा. अंड्यांच्या ट्रेमध्ये एकेक व्हॉल्व्ह नीट बसवून त्याने तो ट्राममधून मांडीवर धरून आणला होता. आता निवड चालली होती. व्हॉल्व्ह नवे घ्यायचे की जुन्या साठ्यातले. ट्रान्सफॉर्मर साधा की भारी. भारी घे, मेलाद म्हणत होता, आवाज मखमलीसारखा होतो, फक्त उचलताना वहिनींना हाक मारायची नाही. वजीह हसला, पण जरा उशिरा, मेलादचा चेहरा पाहून.

ईनास चहाचे ग्लास गोळा करत राहिली. मंगळवारी गॅलरीत कपडे काढताना तिने वजीहला फोनवर याच मेलादशी बोलताना ऐकलं होतं. "दुसरीचं वेगळं ठेव. तिला जास्त लागतं. आणि घरी कळता कामा नये."

त्यानंतर तिला सगळंच दिसायला लागलं. मुलांच्या कार्टूनना आवाज देणाऱ्या मुली दिवसभर काचेपलीकडे बोलतात आणि वजीह कानाला हेडफोन लावून ते रेकॉर्ड करतो, त्यात आजवर तिला काही वावगं वाटलं नव्हतं. आता वाटू लागलं. पलंगावरची जागा त्याने रमजानच्या आधीच बदलून मागितली होती. खिडकीचा वारा लागतो म्हणाला. अलेक्झांड्रियात जन्म काढलेल्या माणसाला वारा लागतो! तिने जागा दिली आणि त्या रात्रीपासून पाठही फिरवली.

तालिया टेबलाखालून निघाली, बाबाच्या खुर्चीच्या दांडीवर चढली आणि त्याच्या कानाशी तळहातांची पन्हळ करून बराच वेळ कुजबुजली. वजीहने डोळे मिटून मान डोलावली.

"हो, हो. नक्की," तो म्हणाला. "तुझं माझं गुपित."

लेकीलाही यात ओढलं म्हणजे, ईनासला वाटलं.

पाहुण्याला उसाचा रस पाजल्याशिवाय सोडायचं नाही म्हणून वजीह बरणी घेऊन खाली गेला. जिन्यावरची त्याची पावलं विरली तशी ईनास हातातला ट्रे खाली ठेवून मेलादसमोर बसली.

"उस्ता, दुसरी कोण?"

मेलादला आधी कळलंच नाही. तिने मंगळवारचं बोलणं शब्दन् शब्द म्हणून दाखवलं. तुमच्या दुकानात दोघं बसतात का, तिने विचारलं. एका पेटीला दोन हेडफोन लावायची सोय करून घेतोय का हा? तिला जास्त काय लागतं, ते तरी सांगा. आवाज चढू नये म्हणून ती एकेक शब्द दाबून बोलत होती.

मेलादने एक व्हॉल्व्ह उचलला, पुसला, परत ट्रेमध्ये ठेवला. मित्राला शब्द दिला होता. पण गप्प राहावं तर मित्राचं घर बुडत होतं.

"मरियमची शपथ, बाई नाही यात कुणी," तो शेवटी म्हणाला. "दुसरी बाजू. डावी. दोन कानांना आवाजाची दोन वेगळी बटणं मागितली त्याने. डाव्या कानाला आता साध्या आवाजात काही पोचत नाही."



डॉक्टर दाखवून झाले, मेलादने सांगितलं. परत येणारं नाही ते. स्टुडिओत कळलं तर दुसऱ्या दिवशी त्या खुर्चीवर दुसरा माणूस. म्हणून हे यंत्र तो कामावर नेणार, डावी बाजू चढवून ठेवणार. जितकं निभेल तितकं. "आणि तुम्हाला का सांगत नाही, तर म्हणतो, तिला कळलं की ती माझ्याशी मोठ्याने बोलायला लागेल."

बाहेर कुठेतरी ट्रामची घंटी वाजली. पलंगावर जागा बदलल्यापासून त्याचा उजवा कान तिच्या बाजूला आला होता, हे ईनासला आत्ता कळलं. उजवा कान तिच्याकडे, आणि तिची पाठ. इतक्या साऱ्या रात्री.

"भारीच ट्रान्सफॉर्मर घाला," ती म्हणाली. "उचलेन मी."

जिन्यात पावलं वाजली. मेलाद घाईने व्हॉल्व्ह कागदात गुंडाळू लागला. ईनासने डोळे पुसले आणि रसासाठी ग्लास काढायला उठली, तर तालिया बाबाच्या रिकाम्या खुर्चीत कधीची ऐकत बसली होती. एक हात तिने जेवताना धरतात तसा तोंडाशी नेला, मग दुसऱ्या हाताने त्याच हाताच्या बाजूचा कान चाचपला.

"आई, जेवायचा नाही तो हात डावा ना?"

"हो, राणी."

तालियाने कान सोडला नाही.

"मी तर ह्याच कानात विचारलं," ती म्हणाली. "मग बाबा 'हो' कशाला म्हणाले?"