वाणीशुद्धी

मुकादमाची शिवी हाच आमच्या बांधकामावरचा भोंगा. ती कानावर पडली की वर न बघता आधी उडी मारायची. मग मुकादम कुठल्याशा शिबिराला गेला आणि दहा दिवसांत वाणी शुद्ध करून आला.

सोमवारी क्रेनची साखळी सुटायला लागली. विटांच्या पाळण्याखाली नेमका गवंडी. मुकादम शांतपणे म्हणाला, "दादा, जरा बाजूला होता का?"

गवंड्यानं मागे वळून पाहिलं, हे दादा कोण आलेत म्हणून.

विटा कोसळल्या. आम्ही सगळे धावत जमलो. मुकादमानं कपाळ बडवून घेतलं आणि स्वतःलाच जुनी, कचकचीत शिवी हासडली.

आम्ही बाराच्या बारा जण टुणकन बाजूला झालो. गवंडी तेवढा हलला नाही.