दातांचे वण

नर्स मंडळींचं मन थाऱ्यावर राहावं म्हणून चिंचवडच्या एका हॉस्पिटलने चिनी वैद्यकाचे डॉक्टर बोलावले होते. जीभ बघून ते माणसाची प्रकृती सांगत. अपघात वॉर्डाच्या रश्मीने जीभ काढली, तसे ते चष्मा सावरून वाकले.

"कडेला दातांचे वण आहेत. प्लीहा कमजोर. तुमची प्रकृतीच तशी आहे, सिस्टर. गार पाणी बंद करा."

रश्मीने मान हलवली. तिच्यामागून वॉर्डातल्या जुन्या सगळ्याजणी एकेक करून बसल्या आणि प्रत्येकीच्या जिभेला तेच वण निघाले. डॉक्टर चक्रावले. "एका वॉर्डात सगळ्या एकाच प्रकृतीच्या कशा?"

चाकणच्या कुठल्याशा कंपनीत प्रेसखाली हात गेलेला पोरगा शुद्धीवर येतो आणि विचारतो, "सिस्टर, माझा हात कुठंय?" तेव्हा जीभ दातांत घट्ट धरायची, म्हणजे रडू फुटत नाही, हे एकेकीला रश्मीनेच शिकवलं होतं.

शेवटी परवाच कामाला लागलेली विजयश्री बसली. तिची जीभ गुलाबी, नितळ होती.

"चला, एकीची तरी प्रकृती उत्तम आहे," डॉक्टर खूश होऊन म्हणाले.

विजयश्री ओशाळून उठली आणि रश्मीच्या कानाशी आली.

"ताई, म्हणूनच सकाळी मला रडू आलं ना? अजून जोरात धरायला पाहिजे."